कोरसची जागा

रविवारी दुपारी अंबरनाथच्या घरात काही काळ कोणी मोठ्याने बोलत नाही. त्या वेळी अण्णा गातात, असं माझी वहिनी म्हणते. बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच: एक उंच, म्हातारा माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत बसला आहे, मांडीवर उशी, उशीवर फोन, आणि उजव्या हाताचं एक बोट अक्षरांवर टेकायच्या बेतात हवेत थांबलेलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कंपनीत त्यांनी आयुष्यभर पाळ्या केल्या आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यानंतर त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आजार गेला, आवाज मात्र कुजबुजीएवढा उरला. कुकरची शिट्टी झाली की त्यांचं वाक्य तिथेच बुडतं, आणि ते पुन्हा सांगत नाहीत. घरात आई, भाऊ आणि वहिनी असतात. मी बदलापूरला राहते, एका वर्तमानपत्रात उपसंपादक आहे, आणि नोकरीत जुनी झाल्यावर मिळालेली रविवारची सुट्टी माहेरी घालवते. इथे जे लिहिते आहे, ते बहुतेक त्या खुर्चीच्या मागे उभं राहून पाहिलेलं आहे.

फोनमध्ये जे गातात ते गायक अण्णांहूनही म्हातारे. एके काळी अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या तीन गावांत त्यांच्या आवाजाशिवाय भीमजयंती साजरी होत नसे. पेटी, ढोलकी आणि मागे उभे राहणारे कोरसवाले, एवढी पार्टी घेऊन ते वस्त्यावस्त्यांतून गात. पुढे त्यांच्या कॅसेट निघाल्या, रिक्षांतून वाजू लागल्या, लोक त्यांना रस्त्यात थांबवू लागले. मग कॅसेट गेल्या आणि तेही बरीच वर्षं कुठे दिसले नाहीत. अलीकडे ते पुन्हा दिसू लागले, फोनच्या काचेत. त्यांची नात दर रविवारी दुपारी फोन समोर टेकवून लाइव्ह सुरू करते आणि ते पेटी पुढे ओढतात. नात स्वतः कधी दिसत नाही, तिचा फक्त आवाज येतो. आजोबांना बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून लोक लिहितात ते ती वाचून दाखवते.

आमच्या वर्तमानपत्रात मनोरंजनाच्या पानावर काम केलेल्या कोणालाही ठाऊक असतं की प्रसिद्ध माणसांची खाती बहुधा दुसरंच कोणी चालवतं. चाहत्याला मिळालेलं उत्तर, त्यापुढचं हृदयाचं चिन्ह, वाढदिवसाचे आभार, सगळं पगारी हातांचं असतं. म्हणून वहिनीने अण्णांना पहिल्यांदा ते लाइव्ह लावून दिलं तेव्हा मी म्हणाले, "उत्तराची वाट बघू नका हं."

"मी कुठे प्रश्न विचारलाय?" अण्णा म्हणाले.

वहिनीने त्यांना लिहायचं कसं ते दाखवलं. अण्णांचं स्वतःचं खातं नव्हतं. वहिनीचं एक जुनं, न वापरलेलं खातं होतं, तेच तिने त्यांच्या फोनवर चालू करून दिलं. त्यावर तिचं नाव होतं आणि फोटोच्या जागी सदाफुलीचं फूल.

अण्णांनी पहिली कमेंट लिहिली ती फर्माईशीच्या चिठ्ठीसारखी. गायन पार्टीच्या कार्यक्रमात मांडवातून चिठ्ठ्या वर जात, आणि त्यात आधी जयभीम, मग मुक्काम, मग गाणं आणि सगळ्यांत शेवटी नाव, असा क्रम असे. त्यांनी लिहिलं, "जयभीम. मुक्काम अंबरनाथ. उजेडाचं गाणं व्हावं." नाव लिहिण्यापूर्वीच बोट चुकून पाठवायच्या बाणावर पडलं आणि मजकूर निघून गेला. नाव आधीच वर छापलेलं असतं हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

थोड्या वेळाने नातीचा आवाज आला. "आजोबा, अंबरनाथच्या एक ताई आहेत. उजेडाचं गाणं म्हणतायत."

गायकांनी मान वर केली. त्यांची नजर काचेतून थेट आमच्या खोलीत आली, निदान तसं वाटलं. "जयभीम ताई," ते म्हणाले. "अंबरनाथ म्हणजे आपलंच घर."

भाऊ सोफ्यावरून घसरेपर्यंत हसला. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं?"

"आई, अण्णांची ताई झाली."

आईने पदराला हात पुसत येऊन बघितलं. "बरं झालं," ती म्हणाली. "ताई, पाणी यायची वेळ झाली. पिंप लावताय का?"

आमच्याकडे बारवी धरणाचं पाणी येतं आणि त्या दिवसांत ते याच वेळेला येत असे. त्यामुळे त्या दुपारींची माझी आठवण पाण्याच्या आवाजाची आहे. मोरीत पिंपात धार पडते, वर पंखा फिरतो, खिडकीचा पडदा आत येतो आणि बाहेर जातो, पडद्यातून गाळून आलेला उजेड भिंतीवर पाण्यासारखा हलतो, आणि फोनच्या काचेवर कोणा अनोळखी लोकांनी पाठवलेली लाल हृदयं तळातून सुटून वर तरंगत जातात, बुडबुड्यांसारखी, आणि कडेला पोचण्याआधी विरतात. त्यांच्या मागे एक म्हातारा माणूस गात असतो. आवाज चिरलेला, पण सुराला पक्का.

उजेडाचं गाणं त्यांचं स्वतःचं. त्यातली प्रत्येक ओळ 'उजेड घेऊन ये' अशी संपते आणि कोरसने मागून 'घेऊन ये' एवढंच म्हणायचं असतं. आता त्यांच्या मागे कोरस नव्हता. ओळ संपली की ते क्षणभर थांबत, पेटीवर सूर धरून ठेवत, मग पुढची ओळ उचलत. त्या थांबण्यावर लोक हमखास लिहीत. "दादा, दम लागतोय का?" "दादा, पाणी प्या." "आराम से दादा, घाई नाही." आमच्याही घरात सगळ्यांना तो दमच वाटला. वय झालं, असं आई म्हणाली. अण्णा बोट हवेत धरून तो सूर ऐकत राहिले.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी त्यांनी तो प्रकार सुरू केला. गायकांनी ओळ संपवली आणि अण्णांच्या बोटाने लिहिलं, "घेऊन ये." बाण. पुढची ओळ संपली. "घेऊन ये." बाण. फोनवर खालून वर सरकणाऱ्या जयभीमांच्या आणि फुलांच्या मध्ये सदाफुलीच्या फुलापुढे तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागले. त्या गर्दीतल्या इतरांना मजा वाटली.

"काय घेऊन येऊ ताई? कोथिंबीर?"

"ताई, येताना दूध पण."

"अरे ताईको कुछ मंगवाना है, कोई तो जाओ यार."

वहिनी ते वाचून हसत होती. अण्णा वाचतच नव्हते. त्यांचे डोळे गायकांच्या ओठांवर होते.

मी त्यांना समजावून सांगितलं की लाइव्ह म्हटलं तरी ते त्या क्षणाचं नसतं. आपण ऐकतो ते तिकडे आधीच गाऊन झालेलं असतं, आणि आपण पाठवलेला शब्द तिथे जाईपर्यंत ते पुढच्या ओळीत असतात. टीव्हीच्या बातम्यांतही असंच होतं. अँकर प्रश्न विचारतो आणि पावसात उभा असलेला वार्ताहर थोडा वेळ नुसता मान हलवत राहतो.

"म्हणजे मी उशिरा येतो," अण्णा म्हणाले.

"सगळ्यांचंच उशिरा जातं."

ते हसले. आवाजाशिवाय हसले तरी त्यांचे खांदे हलतात. "माझं तसंही उशिराच असायचं," ते म्हणाले.

अण्णा तरुणपणी याच गायकांच्या पार्टीत कोरसला होते, एवढं मला माहीत होतं. घरात त्याचा पुरावा काही नव्हता. फोटो नव्हता, आणि कॅसेटवर कोरसवाल्यांची नावं छापत नसत. माझ्या लहानपणी ते अंघोळ करताना गायचे, ते मोठ्याने असायचं आणि शेजारच्या चाळीतून कोणीतरी मागून साथ द्यायचं. त्या दुपारी पाणी गेल्यावर, फोन बंद झाल्यावर, त्यांनी थोडं अधिक सांगितलं. मी खुर्ची जवळ ओढली, कारण त्यांचं ऐकायचं तर ओठांजवळ बसावं लागतं.

कोरसवाले चार-पाच असत आणि सगळ्यांना मिळून एक माईक. अण्णा उंच, म्हणून त्यांना मागे उभं करत. पण त्यांचा आवाज मागे पडायचा तो त्यामुळे नाही. गायकांनी ओळ सोडली की बाकीचे झडप घातल्यासारखे तो शब्द उचलत. अण्णांना तो शब्द पुरता ऐकायचा असे. गायकांच्या तोंडातून तो संपून हवेत विरेपर्यंत ते थांबत आणि मग स्वतःचा सूर लावत. त्यामुळे कोरस संपल्यावरही त्यांच्या एकट्याचा आवाज किंचित मागे राहायचा.

"बारवीकडच्या पाड्यावर एकदा कार्यक्रम होता," ते म्हणाले. "धरणाच्या अलीकडे. भाताची खाचरं, मागे डोंगर. ओळ सोडली की डोंगरावरून ती परत यायची. दादा ओळ सोडायचे, मग कोरस, मग मी, मग डोंगर. चार वेळा एकच शब्द. लोक गप्प बसून ऐकत होते. मला वाटलं, हे संपूच नये."

"आणि दादा काय म्हणायचे? तुम्ही मागे पडता त्यावर?"

"शिव्या घालायचे."

आई भांडी लावत होती. ती तिथूनच म्हणाली, "शेवटचं पण सांगा तिला. मला आयुष्यभर ऐकवलंय, तिला आज कळू द्या."

शेवटचं म्हणजे उल्हासनगरचा कार्यक्रम. कॅम्प पाचमधलं एक मैदान. भोवती शिलाईची छोटी दुकानं, लाउडस्पीकर एका सिंध्याचा. त्याने गाणं ऐकून गायकांना "वाह साईं" म्हटलेलं अण्णांना अजून आठवतं. कार्यक्रम संपला, वायरी गुंडाळल्या जात होत्या, तेव्हा अण्णांनी गायकांना सांगितलं की कंपनीत काम लागलंय, पाळ्या असतील, आता येणं जमणार नाही. गायक बशीतून चहा पीत होते. ते म्हणाले, "जा की. कोरसमधला एक माणूस कमी झाला तर कुणाला कळतं?"

सगळे हसले. अण्णाही हसले. दुसऱ्या दिवशी ते कंपनीत रुजू झाले आणि त्यानंतर त्यांची गाठ पडली नाही.

"ते चेष्टेत म्हणाले असतील," मी म्हणाले.

"हो. चेष्टेतच."

"मग?"

"चेष्टेत म्हणाले, पण खरं होतं की नाही ते मला कळलं नाही." त्यांनी उशी मांडीवरून काढून बाजूला ठेवली. "मी तिथे नव्हतो ना बघायला."

एवढाच त्यांचा प्रश्न होता. तो त्यांनी कंपनीच्या पाळ्यांमधून, आमच्या शिक्षणांमधून, लग्नांमधून बरोबर आणला होता, आणि तो विचारता येईल असं एकच माणूस आता दर रविवारी आमच्या घरात, उशीवर येऊन बसत होतं.

मी बातमीदारासारखा सरळ उपाय सुचवला. "लिहा की त्यांना. मी अमुक, तुमच्या कोरसमध्ये होतो, उल्हासनगरच्या कार्यक्रमानंतर गेलो. नात वाचून दाखवेल."

अण्णांनी मान हलवली. "सांगितल्यावर कोणीही ओळखतं," ते म्हणाले.

बदलापूरला परतताना रिक्षात बसून मी माझ्या खात्यावरून गायकांना चार ओळी लिहिल्या. मजकूर नेटका होता, आणि माणूस, ठिकाण, प्रसंग सगळं जागच्या जागी. घरी पोचल्यावर पुन्हा वाचला आणि पुसून टाकला. ती बातमी माझी नव्हती.

पुढचे काही रविवार अण्णा वेळ साधायला शिकले. ओळ संपल्यावर लिहिलं तर शब्द पुढच्या ओळीच्या पोटात जाऊन पडतो, हे त्यांनी नातीच्या वाचण्यावरून ताडलं. मग ते ओळ चालू असतानाच पाठवू लागले. कुठल्या शब्दावर बोट टेकवलं की तिकडे नेमकं थांबण्याच्या जागी पोचेल, हे ते डोळे मिटून मोजत. फोनलाही ते पाठ झालं होतं. पहिलं अक्षर उमटलं की तो पुढचं आपणहून समोर ठेवायचा. आयुष्यभर शब्दामागून येणारा माणूस आता शब्दाच्या आधी निघत होता, थोडं मागे पोचता यावं म्हणून.

आणि एका रविवारी ते जमलं. गायकांनी ओळ संपवली, पेटीवर सूर धरला, आणि त्या शांततेत नातीचा आवाज आला, कमेंट वाचतात तसा सपाट. "घेऊन ये."

गायकांनी चमकून तिच्याकडे पाहिलं.

"ताईंचं आहे," ती म्हणाली.

पुढच्या ओळीला पुन्हा. त्याच्या पुढच्या ओळीला पुन्हा. नात वाचून वाचून कंटाळली असावी, किंवा तिलाही कळलं असावं, कारण गाण्याच्या शेवटी ती ते दोन शब्द सुरात म्हणू लागली. कोवळा, अर्धवट आवाज, कधी न शिकलेला. अण्णांच्या बोटाखालून निघालेला शब्द कुठूनसा फिरून एका मुलीच्या गळ्यातून आमच्या खोलीत परत येत होता, बारवीच्या डोंगरावरून यायचा तसा. मोरीत पिंप भरत होतं. भावाने ताईवरून चेष्टा केली नाही.

"या ताई कोरस चांगला देतात," गायक म्हणाले. "कुठे शिकलात ताई?"

वहिनीने अण्णांच्या खांद्याला हात लावला. अण्णांनी उत्तर लिहिलं नाही. थोडा वेळ वाट बघून गायक दुसऱ्या कोणाच्या वाढदिवसाकडे वळले.

त्यानंतर ताई त्या मंडळींत ओळखीची झाली. कोथिंबिरीचे विनोद बंद झाले. "ताई आल्या का?" असं कोणीतरी गाणं सुरू होण्याआधीच विचारायचं. घाटकोपरहून कोणी, नाशिकहून कोणी, आखातात कामाला असलेला कोणी, असे लोक सदाफुलीच्या फुलाला जयभीम घालत. अण्णा प्रत्येकाला उलट जयभीम घालत, एका बोटाने, कोणालाही न वगळता. आई म्हणायची, "एवढं मला कधी उत्तर दिलं नाही यांनी."

मग तो रविवार आला. मी पोचले तेव्हा अण्णा खुर्चीत बसले होते, फोन उशीवर होता, लाइव्ह सुरू व्हायचं होतं. ते म्हणाले, "आज मी लिहिणार नाही."

"का? बोट दुखतंय?" वहिनीने विचारलं.

"बोटाला काय झालंय."

"मग?"

"बघू," ते म्हणाले.

आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं, एक माणूस कमी झाला तर कुणाला कळतं ते त्यांना बघायचं होतं. आई पाण्याचा नळ तसाच वाहता ठेवून दारात येऊन उभी राहिली. त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि तिथेच ठेवले. मला आठवतं, की मला ते नको होतं. इतक्या रविवारांनंतर त्या माणसाला 'कुणालाच नाही' हे उत्तर मिळू नये, न कळलेलंच बरं, असं मला वाटत होतं.

गायकांनी दुसरी दोन गाणी म्हटली. कोणाच्या बारशाला शुभेच्छा दिल्या. नाशिकच्या माणसाने उजेडाचं गाणं मागितलं. त्यांनी पेटी सारखी केली आणि पहिली ओळ घेतली. ओळ संपली. सूर धरला. नात काही बोलली नाही. हृदयं वर तरंगत राहिली.

त्यांनी दुसरी ओळ घेतली, ती संपवली, सूर धरला. पुन्हा काही नाही. पडदा आत आला आणि बाहेर गेला.

तिसरी ओळ ते अर्धी गायले आणि थांबले. भात्यावरचा हात खाली आला.

"अंबरनाथची ताई नाही का आज?" त्यांनी विचारलं.

"दिसत नाहीत, आजोबा."

"नीट बघ."

"नाहीत ना. बाकी सगळे आहेत."

कोणीतरी लिहिलं असावं, कारण नातीने पुढे वाचलं, "दादा, तुम्ही गा, थोडा दम घ्या म्हणतायत."

"दम घेत नाही रे बाबांनो मी," गायक म्हणाले. आवाजात चीड नव्हती, थकवा होता. "दर वेळी दम, दम करता. ती कोरसची जागा आहे." ते पेटीच्या पट्ट्यांकडे बघत बोलू लागले, नातीशी बोलावं तसं. "आमच्यात एक होता. उंच होता. सगळ्यांच्या मागं उभा राहायचा आणि सगळ्यांच्या मागून यायचा. लय शिव्या घातल्या मी त्याला. मग तो कंपनीत लागला. मी म्हटलं, जा, कुणाला कळतंय. पुढच्याच कार्यक्रमाला उभा राहिलो, हेच गाणं, ओळ सोडली. सगळे बरोबर वेळेवर आले. आणि मला पुढची ओळ उचलता येईना."

"का?"

"त्याचं संपलं की मी उचलायचो. ती सवय. तो गेला आणि जागा तशीच राहिली. अजून सोडतो मी ती."

"नाव काय त्यांचं?" नातीने विचारलं.

ते पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिले. "नाव," ते म्हणाले. "बघ, तेच येत नाही. तोंडही नीट आठवत नाही. आवाज आठवतो."

मोरीतलं पिंप भरून वाहत होतं. आई दारातून हलली नाही. वहिनी खाली वाकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अण्णा, द्या फोन इकडे. मी लिहिते. तुमचं नाव लिहिते, एवढंच."

अण्णांनी तळहात फोनवर ठेवला. काचेवरचा उजेड त्यांच्या बोटांमधून लाल दिसत होता.

"नाव कशाला?" ते म्हणाले. "नावाने कुठे गात होतो मी?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर काय होतं याचं वर्णन मी करू शकत नाही. एवढं सांगता येईल की ते रडले नाहीत, आणि त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "झालं ना?" ते म्हणाले, "झालं." मग ती नळ बंद करायला गेली.

फोनमध्ये गायकांनी पेटी पुन्हा पुढे घेतली. थांबली होती तीच ओळ सुरुवातीपासून धरली. अण्णांनी तळहात उचलला. आज त्यांनी वेळ मोजली नाही, आधी पाठवलं नाही. डोळे मिटले, ओळ पूर्ण होऊ दिली, शेवटचा शब्द विरेपर्यंत ऐकला. मग बोट टेकवलं.

तिकडे सूर धरलेला होता. गायक नेहमीपेक्षा जास्त थांबले. नंतर नातीचा आवाज आला. "आजोबा, आल्या. घेऊन ये."

"उशिरा आल्या," गायक म्हणाले, आणि त्यांनी पुढची ओळ उचलली.